वाढदिवस विसरलेली घरे

जॉन ह्यूज हे नाव आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच परिचयाचे असेल. परंतु ‘होम अलोन’ (१९९०) हा सिनेमा, ज्यांच्या घरी मुले-नातवंडे आहेत त्यांनी, नको नको म्हणत का होईना, एकदा तरी पाहिलेला असणारच. दिग्दर्शन ख्रिस कोलंबसचे. पण कथा लिहिली ह्यूजने आणि निर्माताही तोच. इस्रायलमध्ये ह्या सिनेमाला नाव मिळाले ‘शाखखू ओती बाबायित’, म्हणजे ‘मला घरी विसरले’. हे नाव ज्याने ठेवले त्याचे मला कौतुक वाटते. इंग्रजी नावावरून मूल घरात एकटे आहे एवढेच समजते. हिब्रू नावात तक्रार आहे, आणि ती कोणाविरुद्ध आहे तेही आहे. ह्यूजने लिहिलेल्या बहुतेक विनोदी सिनेमांना हे एकच नाव चालले असते.

त्या सिनेमात आठ वर्षांचा केव्हिन मागे राहतो तो कसा, हे आठवून बघा. पॅरिसला निघालेले मोठे खटले, रात्री वीज गेल्यामुळे उठायला झालेला उशीर, आणि घाईघाईत पोरांची डोकी मोजताना शेजारचा एक आगाऊ मुलगा त्यांत मोजला जातो. संख्या बरोबर येते. वॉर्डात पाळी बदलताना आम्हांला शिकविले होते की खाटा मोजू नका, प्रत्येक खाटेपाशी जाऊन रोग्याचे तोंड बघा. केव्हिनच्या घरात तोंडे कोणी बघितली नाहीत. ह्यूजचा सगळा विनोद, आणि त्या विनोदाच्या पोटातले दुःखही, ह्या एका चुकीतून निघते. माझे म्हणणे एवढेच आहे की आईबापांची ही चूक त्याने अचूक पकडली, आणि स्वतः सिनेमे काढताना तीच केली.

ह्यूज १९५० साली मिशिगन राज्यातील लॅन्सिंग येथे जन्मला. शाळकरी वयात तो शिकागोच्या उत्तरेकडील नॉर्थब्रुक ह्या उपनगरात आला. पुढे जाहिरातींचा मजकूर लिहू लागला, मग एका विनोदी मासिकात लिहू लागला, आणि तेथून सिनेमात गेला. २००९ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने वयाच्या ५९ व्या वर्षी त्याला मरण आले. त्याच्या कित्येक गोष्टी इलिनॉय राज्यातील ‘शर्मर’ ह्या गावी घडतात. असे गाव नकाशावर नाही. पण नॉर्थब्रुकचे जुने नाव शर्मरव्हिल होते. रुंद रस्ते, कापलेले गवत, दारात दोन मोटारी, वरच्या मजल्यावर प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली: जगातल्या मुलांनी अमेरिकन घर पाहिले ते ह्या गावात. अमेरिकेत कधी पाऊल न टाकलेला आमच्या गल्लीतला पोरगाही तिथल्या शाळेतली लोखंडी कपाटांची रांग ओळखतो. तेव्हा ह्या सिनेमांना पोरखेळ म्हणून बाजूला सारणे बरे नव्हे.

ह्यूजच्या आधीही अमेरिकन सिनेमात वयात येणारी मुले होती. १९३७ साली एम.जी.एम. कंपनीने सुरू केलेली अँडी हार्डीची मालिका आमच्या आईवडिलांच्या पिढीने मुंबईच्या थिएटरांत पाहिली असेल. मिकी रूनी मुलगा आणि लुइस स्टोन न्यायाधीश बाप. मुलाने काही भानगड केली की बाप त्याला आपल्या खोलीत बोलावी, दार लोटून घेई, आणि बापलेकांचे मोकळेपणी बोलणे होई. बाप नेहमी बरोबरच असे, आणि त्यामुळे थोडा कंटाळवाणाही. ह्यूजने चाळीसपन्नास वर्षांनी तसलेच घर घेतले, पण बापाची ती खोली काढून टाकली. मधल्या काळात अमेरिकाही बदलली होती. घटस्फोटांचे प्रमाण १९८० च्या आगेमागे कळसाला पोहोचले होते आणि आया मोठ्या संख्येने कामावर जाऊ लागल्या होत्या. (आया कामावर जातात ही तक्रार मी करणार नाही. रात्रपाळ्या करून ज्या बाईने मुले वाढविली तिने तरी ती करू नये.)

शिवाय १९८० च्या सुमाराचे तरुण मुलांचे विनोदी सिनेमे म्हणजे काय होते तेही ध्यानात घ्यावे. ‘पोर्कीज’सारख्या सिनेमात न्हाणीघराच्या भिंतीतून मुलींना बघणाऱ्या पोरांच्या पराक्रमांवर सगळा डोलारा उभा असे. आपला इस्रायलही मागे नव्हता. १९७८ च्या ‘एस्किमो लिमोन’चा दिग्दर्शक बोआझ डेव्हिडसन ह्याने तीच गोष्ट १९८२ साली ‘द लास्ट अमेरिकन व्हर्जिन’ ह्या नावाने अमेरिकेत पुन्हा काढली. असल्या गर्दीत १९८४ साली ह्यूजने एका मुलीला मध्यभागी उभे केले आणि तिला काय वाटते हे विचारले. एवढ्यासाठीच त्याचे नाव राहिले, आणि ते राहावे.

‘सिक्स्टीन कँडल्स’ हा त्याने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. सॅमँथा बेकरला सोळा वर्षे पूर्ण होतात त्या सकाळी घरात कोणाच्याच ते लक्षात नाही. थोरल्या बहिणीचे दुसऱ्या दिवशी लग्न आहे. आजीआजोबांच्या दोन्ही जोड्या मुक्कामाला आलेल्या. पोरीची खोली त्यांना दिलेली, ती स्वतः सोफ्यावर. लग्नघरात असे होणे आपल्याकडेही अशक्य नाही. मेंदीच्या रात्री धाकट्याच्या तोंडात घास गेला की नाही हे आपल्या बायका विसरलेल्या मी पाहिल्या आहेत. फरक एवढाच की आपल्या घरात अशा वेळी एखादी बिनकामाची आत्या असते. तिला लग्नातले काही सुचत नाही, पण कोपऱ्यात तोंड पाडून बसलेले पोर तिला बरोबर दिसते. ह्यूजच्या घरात चार म्हातारी माणसे आहेत आणि चौघेही फक्त चेष्टेसाठी आहेत.

तरी ह्या सिनेमातला एक प्रसंग मला फार आवडतो. रात्री उशिरा बापाला एकदम आठवते, आणि तो खाली सोफ्यापाशी येऊन मुलीची माफी मागतो. तो शहाणपण शिकवीत नाही. ती कोणा मुलासाठी झुरते आहे हे ऐकून घेतो, आणि असे झुरणे दुखते हे कबूल करतो. पॉल डूली ह्या नटाने हा बाप थकलेला, अर्धवट झोपेतला, पण लेकीजवळ बसलेला असा दाखविला आहे. अँडी हार्डीच्या न्यायाधीशापेक्षा हा मला खरा वाटतो. मॉली रिंगवॉल्ड तेव्हा स्वतः त्याच वयाची होती, आणि दुखावलेल्या मुलीचे तोंड कसे होते ते तिला वेगळे करून दाखवावे लागले नाही. असे आणखी दोन प्रसंग असते तर मी हा लेख फक्त कौतुकाचा लिहिला असता.

पण त्याच घरात आणखी एक मुलगा आहे. आजीआजोबांनी आपल्याबरोबर आणलेला, आशियातून शिकावयास आलेला विद्यार्थी. त्याचे नाव लाँग डक डाँग. कोणत्या देशाचा, ते सिनेमा सांगत नाही. सांगण्याची गरजच वाटलेली नाही. त्याचे नाव निघाले किंवा तो दिसला की पार्श्वसंगीतात मोठी घंटा वाजते. त्याचे मोडके इंग्रजी, त्याची खाण्याची रीत, सगळ्यावर हशा. ती भूमिका करणारा गेडी वातानाबे अमेरिकेतल्याच उटा राज्यात जन्मलेला. म्हणजे ते मोडके इंग्रजी त्याला मुद्दाम बोलावे लागले. परक्या घरी, परक्या भाषेत, कोणाचे कोणी नसलेले हे पोर. त्या घरात विसरलेले मूल खरोखर कोण, सॅमँथा की हा? सॅमँथाचा वाढदिवस एक दिवस विसरला. ह्याचा कधी असतो हे कोणी विचारलेही नाही.

बोलण्याच्या धाटणीवरून हसू होणे म्हणजे काय, ते ह्या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. आपण इथे आलो तेव्हा आपल्या हिब्रूतले मराठी हेल ऐकून कोणकोण हसले ते ज्याचे त्याला आठवत असेल. नवागतावर विनोद करूच नये असे मी म्हणत नाही. एफ्रायिम किशोनचा ‘सल्लाह शबाती’ (१९६४) हा सबंध सिनेमाच नवागतावरचा विनोद आहे. पण तिथे सल्लाह सगळ्या कचेऱ्यांना पुरून उरतो, आणि हसे होते ते त्याला शिस्त लावावयास आलेल्या साहेबांचे. सल्लाह आपल्याबरोबर हसतो. डाँगवर नुसती घंटा वाजते.

आणि मग कॅरोलाइन. सॅमँथाला आवडणारा जेक रायन हा देखणा, श्रीमंत मुलगा. त्याची आधीची मैत्रीण कॅरोलाइन त्याच्या घरच्या पार्टीत दारू पिऊन बेशुद्ध होते. ती वर खोलीत पडली आहे, मनात आणले तर मी तिच्याशी काहीही करू शकतो, अशा अर्थाचे जेक दुसऱ्या एका मुलाला सांगतो. ते चांगुलपणाचे लक्षण म्हणून आपण ऐकावयाचे. पुढे तो तिला वडिलांच्या रोल्स-रॉइस मोटारीत घालून त्याच मुलाच्या हवाली करतो. सकाळी दोघे मोटारीत जागे होतात, रात्री काय झाले ते कोणालाच नीट आठवत नाही, आणि जे झाले ते आपल्याला आवडले असावे असे तिच्या तोंडी घातलेले आहे. थिएटर हसते. जेकला बक्षीस म्हणून शेवटी सॅमँथा मिळते, केकवर मेणबत्त्याही लागतात.

इतकी वर्षे वॉर्डात काढलेल्या बाईला हे हसून बघता येत नाही. दारूने शुद्ध हरपलेली मुलगी म्हणजे रोगी. तिला कुशीवर वळवावयाचे, उलटी श्वासात जाऊ नये म्हणून तोंड खालच्या बाजूला ठेवावयाचे, अंगावर पांघरूण घालावयाचे, क्षणभरही एकटे सोडावयाचे नाही, आणि १०१ फिरवून मागेन दाविद आदोमची गाडी बोलवावयाची. ह्या सिनेमात तिला मोटारीच्या किल्ल्यांबरोबर देऊन टाकतात. त्याच सिनेमात नवरी मुलगी स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या जास्त घेऊन लग्नात झोकांड्या खाते, तोही विनोदच.

आता गंमत पाहा. अमेरिकेत सिनेमांना वयाचे शिक्के मारतात. ‘सिक्स्टीन कँडल्स’ला ‘पीजी’ हा सौम्य शिक्का मिळाला, म्हणजे मुलांनी बघावयास हरकत नाही, आईवडिलांनी लक्ष ठेवावे एवढेच. त्यानंतर दोन महिन्यांनी, जुलै १९८४ मध्ये, मधला ‘पीजी-१३’ हा शिक्का सुरू झाला. आणि ह्यूजचा पुढचा सिनेमा ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५), ज्यात पाच मुले एका खोलीत दिवसभर बसून मुख्यतः बोलतात, त्याला मिळाला ‘आर’, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाने मोठ्या माणसाशिवाय जाऊ नये. कारण त्यात शिव्या आहेत. शिव्या मोजता येतात, त्या मोजल्या. कॅरोलाइनकडे मात्र मोजणाऱ्यांचेही लक्ष गेले नाही.

मॉली रिंगवॉल्ड हिने स्वतः २०१८ च्या एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लेख लिहून हे प्रश्न मोकळेपणी मांडले. तिने आपल्या लेकीबरोबर ‘द ब्रेकफास्ट क्लब’ पुन्हा पाहिला होता. ज्या माणसाने आपल्याला घडविले त्याच्यावर प्रेम ठेवून त्याच्या कामाची उलटतपासणी करणे सोपे नाही. तिने ते केले ह्याचा मला आदर वाटतो.

‘द ब्रेकफास्ट क्लब’ हा ह्यूजचा सर्वांत चांगला सिनेमा हे बहुतेकांचे मत आहे, माझेही. पाच विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून शनिवारी सकाळी सात वाजता शाळेच्या वाचनालयात डांबले आहे. (शनिवारी शिक्षा! शनवार तेल्यांच्या वंशजांना हे जरा चमत्कारिकच वाटते.) तारीखही दिली आहे, २४ मार्च १९८४. चित्रीकरण शिकागोजवळच्या डेस प्लेन्स येथील बंद पडलेल्या एका शाळेच्या इमारतीत झाले. आईबाप सिनेमात दिसतात ते फक्त सुरुवातीला आणि शेवटी, मोटारीच्या काचेआडून, पोरांना सोडताना आणि न्यावयास आल्यावर. ह्या दोनचार मिनिटांत ह्यूजने पाच घरे उभी केली आहेत. एका मोटारीतला बाप मुलीचे लाड करतो पण तिची शिक्षा चुकवू शकत नाही. दुसऱ्यातला बाप शिष्यवृत्ती जाईल म्हणून मुलाला दम देतो. ॲलिसन नावाची मुलगी उतरून निरोप घ्यावयास खिडकीकडे वळते तोच मोटार निघून जाते. आणि बेंडर चालत येतो. त्याला कोणी सोडावयास आलेलेच नाही.

मग दुपारच्या जेवणाचा प्रसंग. शाळेत डबा उघडला की घर उघडे पडते, हे मुंबईच्या शाळांत ज्यांनी डबे खाल्ले त्यांना वेगळे सांगावयास नको. आमच्या वर्गातल्या कोणाच्या घरी त्या महिन्यात पगार झाला नाही, हे बाईंच्या आधी आम्हांला डब्यावरून समजे. ह्यूजला हे ठाऊक होते. श्रीमंत क्लेअर नीटस पेटीतून जपानी सुशी काढते; १९८५ सालच्या अमेरिकन शाळेत कच्चा मासा म्हणजे नवलच. पहिलवान अँड्र्यूच्या पिशवीतून सँडविचेस, चिप्स, बिस्किटे, फळे, दूध असे काही निघत राहते की संपतच नाही. त्या मुलाला कुस्तीसाठी पोसले जाते आहे. हुशार ब्रायनच्या डब्यात सूप, फळाचा रस, आणि कडा कापलेले सँडविच. ॲलिसन पावातला मांसाचा काप वर भिरकावून देते आणि त्याजागी साखर नि कुरकुरीत धान्याच्या लाह्या भरून खाते, कारण तिच्या डब्याकडे कोणी बघतच नाही. बेंडरकडे डबा नाही. तो ब्रायनच्या कडा कापलेल्या पावाची टर उडवतो, मग आपल्या घरातले जेवण नक्कल करून दाखवितो, आणि बापाने सिगारने दिलेला हातावरचा डागही. ह्या प्रसंगात व्याख्यान नाही. तरी पाचही स्वयंपाकघरे मला दिसली.

पण ब्रायनची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तो तिथे का आहे ते दुपारी उशिरा समजते. हस्तकलेच्या वर्गात त्याने हत्तीचा दिवा केला, तो लागला नाही, आणि जन्मात प्रथम तो नापास झाला. मग त्याच्या कपाटात पिस्तूल सापडले. निशाणी उडविण्याचे पिस्तूल होते, आणि ते कपाटातच उडाले, हे समजल्यावर सगळे हसतात, तोही हसतो. हे हसू खोटे आहे असे मी म्हणणार नाही. जीव हलका झाल्यावर माणसे अशीच हसतात, तातडीच्या विभागात पहाटे चार वाजता मीही हसले आहे. परंतु ज्या मुलाने जीव देण्याचा विचार केला त्याला शाळा देते काय, तर इतरांसारखी शनिवारची शिक्षा. आणि त्याची आई सकाळी मोटारीत त्याला सांगते काय, तर वेळ फुकट घालवू नकोस, अभ्यास कर. आमच्याकडे असा मुलगा आला तर त्याच्या खाटेशेजारी एक माणूस खुर्ची टाकून बसते, रात्रभर. सिनेमाच्या शेवटी इतर चौघांच्या जोड्या जुळतात आणि पाचांचा मिळून निबंध लिहिण्याचे काम एकट्या ब्रायनला देतात, तो हुशार ना! मग तो त्याच मोटारीत बसून त्याच घरी जातो. मोटार चालविणारा बाप म्हणून खुद्द ह्यूज क्षणभर दिसून जातो. तो मागे वळून बघत नाही.

‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ (१९८६) बद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यात मजा पुष्कळ असली तरी खोली एकाच ठिकाणी आहे. फेरिस आजारी असल्याचे सोंग करून शाळा बुडवितो आणि मित्रमैत्रिणीला घेऊन शिकागो बघतो. नुसत्या खोट्या तापावर विसंबू नये, काळजी करणारी आई डॉक्टरकडे नेते; त्यापेक्षा तळवे चाटून ओलसर गार करावेत, असा त्याचा सल्ला आहे. पोरगा हुशार आहे हे कबूल करते, पण नाडीवर दोन बोटे ठेवली असती तर सोंग तिथेच संपले असते. आईबाप प्रेमळ आहेत, कपाळाचे चुंबन घेतात, आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे आजारी असलेल्या पोराला दिवसभर एकटे ठेवून कामावर जातात. सिनेमात नर्सही आहेत. एक शाळेतली, जी मैत्रिणीला वर्गाबाहेर बोलावून आजी वारल्याची खोटी बातमी सांगते. दुसरी दारात येऊन गाणे म्हणणारी भाड्याची नर्स, तोकड्या कपड्यांतली. आमच्या व्यवसायाची ह्यूजला एवढीच माहिती.

खरा आजारी आहे तो मित्र कॅमेरॉन. मोठ्या गार घरात तो औषधांच्या बाटल्यांमध्ये एकटा पडलेला आपल्याला प्रथम दिसतो. त्याचा बाप सिनेमात एकदाही येत नाही. येते ती त्याची १९६१ सालची लाल फेरारी मोटार. कलासंग्रहालयात कॅमेरॉन सराच्या प्रसिद्ध चित्रापुढे उभा राहतो, चित्रातल्या लहान मुलीच्या तोंडाकडे बघत राहतो, कॅमेरा जवळ जाता जाता त्या तोंडाचे नुसते ठिपके होतात, आणि तोंड उरत नाही. ह्यूजला काय म्हणावयाचे होते ते त्याने इथे एकदाच, एक शब्द न बोलता म्हटले.

ह्या सगळ्या घरांत पैसा कोठून येतो? बाप टाय बांधून जातो, एवढेच. अपवाद ‘प्रिटी इन पिंक’ (१९८६). कथा ह्यूजची, दिग्दर्शन हॉवर्ड डॉइचचे. अँडीची आई सोडून गेलेली, बाप बेकार. सकाळी मुलगी बापाला उठविते, नोकरीची आठवण करते, मग शाळेत जाते. हॅरी डीन स्टँटनने हा खचलेला बाप असा केला आहे की त्याचा राग येत नाही. इथे घरात बघणारे कोणी आहे, पण ती मुलगीच आहे. गंमत म्हणजे आधी ठरविलेला शेवट वेगळा होता. अँडी आपल्या गरीब, विक्षिप्त मित्राबरोबर जात असे. चाचणीच्या प्रेक्षकांना तो रुचला नाही, म्हणून श्रीमंत मुलाशी गाठ घालून दिली. ह्यूजने हार मानली नाही. पुढच्याच वर्षी ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’मध्ये मुलाच्या जागी मुलगी घालून त्याने आपला मूळ शेवट वापरला. प्रेक्षकही आईबापांसारखेच असतात, पोरांसाठी काय बरे ते त्यांना आधीच ठाऊक असते.

ह्यूजचे तीन सिनेमे अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जपून ठेवण्यासाठी निवडले गेले: ‘फेरिस ब्यूलर’ २०१४ मध्ये, ‘द ब्रेकफास्ट क्लब’ २०१६ मध्ये, ‘होम अलोन’ २०२३ मध्ये. ‘सिक्स्टीन कँडल्स’ त्यांत नाही. पण त्याच्या हातून निसटलेले घर नंतर कोणी दाखविले की नाही, असे कोणी विचारले तर मी ग्रेटा गर्विग ह्या बाईंच्या ‘लेडी बर्ड’चे (२०१७) नाव घेईन. हाही विनोदीच, जरी हसताना मधूनच घसा दाटून येतो. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहर, २००२ साल. बापाची नोकरी जाते, आणि मनोरुग्णांची नर्स असलेली आई दुहेरी पाळ्या करून घर चालविते. लॉरी मेटकाफने ती भूमिका केली आहे. ही आई टोचून बोलते, पैशांचा हिशेब काढते, पोरीचे एकही काम तिला पसंत पडत नाही. मुलगी शाळेच्या एक चौक आधीच मोटारीतून उतरते, आपले घर कोणाला दिसू नये म्हणून. जुन्या कपड्यांच्या दुकानात मायलेकी कडाक्याचे भांडतात आणि भांडता भांडता दोघींची नजर एकाच झग्यावर पडते, मग भांडण जागच्या जागी विरते. हे मी घाटकोपरला पाहिले आहे आणि अश्दोदलाही पाहिले आहे. मुलीच्या शाळेतले नाटक शिकविणारे पाद्री मनाने खचून त्याच इस्पितळात येतात आणि हे मुलीला सांगू नका म्हणतात. ती सांगत नाही. नर्स म्हणजे काय हे ज्याला समजले आहे त्यानेच हा प्रसंग लिहावा.

ही आई पोरीकडे सतत बघते, इतके की पोरीला श्वास घेता येत नाही. ह्यूजच्या मुलांचे दुःख विसरल्याचे, हिचे दुःख नको तितके लक्षात राहिल्याचे. आपल्या घरांतली तक्रार मला तरी दुसऱ्या प्रकारची अधिक ऐकू येते. इथे सोळा वर्षे झाली की सरकार ओळखपत्र काढावयास लावते, अठराव्या वर्षी सैन्याचे बोलावणे येते; विसरून चालतच नाही. पण लक्ष ठेवणे आणि बघणे ह्यांतही फरक आहे, आणि तो फरक मोठ्यांना उशिरा कळतो, ही गोष्ट ‘लेडी बर्ड’ने कोणाला मूर्ख न ठरविता सांगितली.

शेवटी शेवटी ती मुलगी न्यूयॉर्कला कॉलेजात जाते, पहिल्याच पार्टीत भलतीच दारू पिते आणि कोलमडते. ह्या वेळी तिला कोणी कोणाच्या हवाली करीत नाही. ती रुग्णालयात जागी होते, डोळ्यांतले काजळ गालावर उतरलेले, मनगटाला नावाची पट्टी. रविवारची सकाळ आहे. ती बाहेर पडते, एका चर्चमध्ये डोकावते, आणि घरी फोन लावून आईसाठी निरोप ठेवते.

माझ्या नातीला मी हे दोन्ही सिनेमे एकाच आठवड्यात दाखविले. ‘सिक्स्टीन कँडल्स’ला ती बऱ्याच ठिकाणी हसली, घंटेच्या वेळी नाही. संपल्यावर तिने विचारले, “साव्ता, त्या कॅरोलाइनच्या आईने रात्री तिला शोधले नाही का?” कॅरोलाइनला आई आहे की नाही, ते त्या सिनेमात कोठेच सांगितलेले नाही.